गोलपोस्टच्या मागून दिलेली हाक

हैदराबादेत राहिलेल्या आमच्या जुन्या मराठी घरांत अजूनही कुणाच्या हातून ताट निसटलं की कोणीतरी म्हणतं, "काय रे, गोलकीपर झालास काय?" आणि सगळे हसतात. हे बोलणं कुठून आलं ते आता कुणालाच ठाऊक नाही. मला आहे. ज्याच्यावरून ते सुरू झालं तो माझा मित्र होता, आणि त्या दिवशी चूक त्याची नव्हती. माझी होती. तो गेला, त्या दिवशी मैदानावर असलेले जवळजवळ सगळे गेले, आणि मी हे आत्ता लिहितोय. याला उशीर म्हणणंही खोटंच ठरेल.

जुनं हैदराबाद राज्य मोडायचं ठरलं होतं तेव्हाची गोष्ट. आमचे मराठी जिल्हे मुंबईकडे जाणार, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि शहर तेलुगू मुलखात राहणार. मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो, बेगम बाजारच्या मागं भाड्याच्या खोलीत राहायचो. सरकारी नोकरांना विचारणा चालली होती, कुणाला कुठल्या राज्यात जायचंय. खानावळीत रोज तोच विषय. सगळे ताटावर बसून म्हणायचे, आपण आपल्या मुलखात जाणार, इथं काय ठेवलंय! आणि साहेबापुढं उभं राहिल्यावर निम्म्याहून जास्त लोक हैदराबादच सांगून आले. मीही सांगून आलो. इथं नळ होते, दिवे होते, दवाखाने होते. गावी भावांच्या वाटण्या होत्या. फक्त ते बाहेर बोलायचं नाही, एवढं सगळ्यांनी न ठरवता ठरवलं होतं.

त्या वर्षी राज्यातल्या जिल्ह्यांची फुटबॉल स्पर्धा शेवटची होती. या स्पर्धेत माणूस राहतो कुठं हे बघत नसत. जन्म ज्या जिल्ह्यातला, त्या जिल्ह्याकडून खेळायचं. म्हणून शहरात पोटासाठी आलेली पोरं स्पर्धेपुरती आपापल्या जिल्ह्यांची व्हायची. आमचा जिल्हा कधी नव्हे तो अंतिम सामन्याला पोचला होता, आणि समोर हैदराबाद शहराचा संघ.

आमचा गोलकीपर माझा मित्र. आमच्याच तालुक्यातला, पण गावात त्यांची वस्ती वेगळी आणि आमची आळी वेगळी. गावात असतो तर एका ओट्यावर बसलो नसतो. शहरात मात्र एका बशीतून चहा प्यायचो. तो एका छापखान्यात कागद कापायचा, रात्रशाळेतून मॅट्रिक झाला होता. गावी त्याची आई एकटी होती, तिला नीट दिसत नव्हतं. त्याला परत जायचं होतं. खरोखर जायचं होतं असा माझ्या ओळखीतला तोच एकटा.

संघ बांधणारे आमच्या जिल्ह्याच्या हायस्कुलाचे हेडमास्तर होते. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. त्यांनी त्याला शाळेत ड्रिलमास्तराची जागा द्यायचं कबूल केलं होतं. कागद-बिगद काही नव्हता, गुरुजींचा शब्द होता. त्यानं खोली सोडली, छापखाना सोडला, आणि सामन्याच्या दिवशी वळकटी बांधून मैदानावरच घेऊन आला. खेळून झालं की संघाबरोबर संध्याकाळच्या गाडीनं निघायचं.

"आईला सांगून धाडलंय," तो मला म्हणाला. "तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं असंल, माझा पोरगा मास्तर झाला म्हणून."

"आधी कप तर आण, मास्तर."

"तू मागं नीट उभा राहा. कप मी आणतो."

हे मागं उभं राहणं काय होतं ते सांगतो. आमच्याकडे रीत अशी की आपल्या गोलपोस्टच्या मागं आपला एक माणूस उभा करायचा. तेव्हा गोलाला जाळी नसायची. बाजूनं वळून येणारा चेंडू आत येतोय की बाहेर जातोय, हे खांबामागून जास्त स्वच्छ दिसतं. मागच्या माणसानं ओरडायचं, "धर!" नाहीतर "सोड!" शहरवाल्यांचा दक्खनी आणि तेलुगूचा गोंगाट एवढा असायचा की त्यात मराठी हाक जवळ उभ्या गोलकीपरलाच काय ती वेगळी ऐकू यायची. बाहेर जाणाऱ्या चेंडूला उगाच हात लागला तर कॉर्नर मिळतो, आणि शहरवाले कॉर्नरवर डोक्यानं हमखास गोल करायचे. म्हणून "सोड" म्हटलं की सोडायचा, वर बघायचंसुद्धा नाही. ती सगळी स्पर्धा त्याच्यामागं मी उभा होतो, आणि माझी हाक एकदाही चुकली नव्हती.

मैदानाची एक बाजू आमच्या लोकांनी भरली होती. जिल्ह्यातून गाडी भरून माणसं आली होती, फडक्यात भाकरी बांधून. आणि शहरातले आम्ही मराठी, इस्त्रीचे शर्ट घालून, त्यांच्याहून मोठ्यानं ओरडत होतो. ज्यांनी इथंच राहायचं ठरवलं होतं त्यांचा घसा जास्त सुटला होता. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

सामना शेवटाकडं आला तरी गोल नव्हता. माझ्या मित्रानं तीनदा तरी अंगावर घेऊन चेंडू अडवला असेल. खांबामागं माझ्या शेजारी शहराच्या बाजूचा एक जाडसर पानवाला येऊन उभा राहिला होता. तो मला सारखा डिवचत होता, आमचा कप तुम्हाला कशाला हवा म्हणून.

"क्या मियाँ, अब तो तुम लोगाँ बंबईवाले हो गए. हमारा कप कायकू होना तुमना?"

"जाते-जाते लेको जाते चचा, निशानी रहती!"

"कप नक्को लेको जाओ. वो गोलकीपर कू लेको जाओ, हमारा पीछा छूटता."

आजूबाजूचे हसले. मलाही हसू आलं, जरा अभिमानही वाटला, आणि मी मान वळवून त्याला काहीतरी चोख उत्तर द्यायला गेलो. तेवढ्यात चेंडूवर पाय बसल्याचा आवाज आला. मी वळलो तेव्हा चेंडू उजवीकडून वर उडालेला होता. तो कुठून निघाला, कसा वळला, मी काही पाहिलं नव्हतं. गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं, तो स्वतःच्या अंदाजानं झेपावला असता. पण तोंड उघडंच होतं.

"सोड!" मी ओरडलो.

तो झेपावायला निघाला होता. माझा आवाज ऐकला आणि हात खाली घेतले. चेंडू खांबाच्या आतल्या अंगाला लागला आणि माझ्या पायांपाशी येऊन थांबला.

समोरून टोप्या, छत्र्या, चपला वर उडाल्या. मग शिट्टी झाली, सामना संपला. आमच्यातला एक म्हातारा मातीत बसून रडायला लागला. दुसऱ्यानं भाकरीचं फडकं जमिनीवर आपटलं. एक बाई पुन्हा पुन्हा विचारत होती, "आता परत कधी खेळायचं हो ह्यांच्याशी?" एरवी हरलं की लोक म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. त्या दिवशी ते कुणाला म्हणता येईना. पुढच्या वर्षी राज्यच वेगळं असणार होतं. हे हरणं कायमचंच होतं, आणि एवढं मोठं हरणं कुणाच्या तरी डोक्यावर ठेवल्याशिवाय माणसं घरी जाईनात.

त्यांनी त्याला घेरलं. गुरुजी वाट काढत पुढं आले. "का सोडलास?"

"मला वाटलं बाहेर चाललाय, गुरुजी."

"वाटलं? मागं माणूस कशाला उभा केला होता मग?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यानंही. त्याच्या बघण्यात राग नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी बोलेन म्हणून तो नुसता थांबला होता. मला भोवतीचे चेहरे दिसले, आवळलेल्या मुठी दिसल्या. गोंगाटात माझी हाक त्याच्याशिवाय कुणी ऐकलेली नव्हती.

मी म्हणालो, "मी काही बोलायच्या आतच यानं हात खाली घेतले, गुरुजी."

एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित निभावलं असतं. पण कुणी विश्वास ठेवतोय की नाही ते कळेना, म्हणून मी आणखी म्हणालो, "याचं शहरवाल्यांत उठणंबसणं फार आहे. याला इथंच राहायचंय."

"असं काय! म्हणजे फितूर झाला की!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि तो शब्द पुढून मागं पसरत गेला. इथं राहायचं सांगून आलेला मी. मला मात्र तिथं कुणी फितूर म्हणालं नाही, कारण कुणाला ते ठाऊकच नव्हतं.

गुरुजींनी त्याला पुन्हा विचारलं नाही. तो आमच्या आळीतला असता तर विचारलं असतं, दहा वेळा विचारलं असतं. हे तेव्हाही मला कळत होतं. त्याच्यावर विश्वास न ठेवणं सगळ्यांना सोपं होतं, आणि मी त्या सोपेपणाचाच आधार घेतला.

संध्याकाळी काचीगुड्याच्या स्टेशनवर मी गेलो. का गेलो माहीत नाही. गुरुजींना एकटं गाठून सांगू, असं मनात होतं खरं. संघ डब्यात बसला होता. तो वळकटी खांद्यावर घेऊन दारापाशी उभा होता.

"गुरुजी, मी येऊ ना?"

गुरुजी खिडकीतून म्हणाले, "तूर्त राहू द्या. शाळेचं मग बघू." मैदानावर ते त्याला "तू" म्हणत होते. आता "द्या" म्हणाले. त्यानं वळकटी खाली ठेवली नाही, आणि आत चढलाही नाही. एका खेळाडूनं आतून दार ओढून घेतलं. मी हमालांच्या घोळक्यामागं होतो. गाडी हलेपर्यंत वेळ होता, पुष्कळ वेळ होता. मी तिथून हललो नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा छापखान्यात दिसला. मालकानं परत घेतलं होतं. मी दारात उभा राहिलो.

"तू का नाही बोललास?" मी विचारलं. विचारायचं धाडस कसं झालं कुणास ठाऊक.

"तू बोलशील म्हणून थांबलो," तो कागदाच्या थप्पीकडं बघत म्हणाला. "नंतर मी बोललो असतो तर कोण ऐकायलं होतं?"

"मी गुरुजींना पत्र टाकतो."

"टाक."

मी टाकलं नाही. पहिल्या आठवड्यात लाज वाटली. नंतर राज्य मोडलं, धावपळ झाली. मग वाटलं, आता त्याचं इथं बरं चाललंय, कशाला जुनं उकरायचं. पुढं त्यांच्या वस्तीतल्या लोकांनी नवा धर्म घेतला, त्यानंही घेतला. लग्न झालं, मुलगी झाली. रस्त्यात भेटला तर थांबायचा, माझ्या बायकोची, मुलांची विचारपूस करायचा. मी बोलू लागलो की तो विषय हवापाण्यावर न्यायचा. आमच्या मंडळाच्या जेवणावळींत मात्र दर वर्षी तो गोल रंगवून सांगितला जायचा, तिथूनच ते गोलकीपरचं बोलणं निघालं, आणि मी त्या पंगतीत बसून हसायचो.

गेल्या महिन्यात मी त्याच्या मुलीकडं गेलो. ती बँकेतून रिटायर होऊन तारनाक्याला राहते. तिनं पाणी दिलं, चहा टाकला. मी सगळं सांगितलं, इथं लिहिलंय तसंच, काही न गाळता. आत तिचा नातू फोनवर तेलुगूत कुणाशी तरी हसत होता.

ती म्हणाली, "बाबांनी आम्हाला सांगितलं होतं की डोळ्यावर ऊन आलं."

"मला क्षमा कर, पोरी."

"मी कशी करणार, काका? ते बाबांचं होतं." तिनं कप उचलले, पण उभीच राहिली. "बाबा गावाला कधीच गेले नाहीत, माहीत आहे तुम्हाला? आजी गेली तेव्हासुद्धा नाही. तिला चुलत्यांनी माती दिली. आई किती चिडली होती. मी मोठेपणी विचारलं, बाबा, असं का? तर म्हणाले, तिथं मला ओळखणारे फार आहेत."

मी म्हणालो, "हे मी लिहून ठेवणार आहे. सगळ्यांना कळू दे."

"लिहा," ती म्हणाली. "पण कुणासाठी? आमच्या घरात मराठी वाचता येणारी मी शेवटची. आणि मला तर तुम्ही आत्ताच सांगितलंत."

ती कप घेऊन आत गेली. मी थोडा वेळ बसलो. ती बाहेर आली नाही, तेव्हा मी चपला घातल्या आणि दार लोटून जिना उतरलो.