बाईची सायकल

उन्हाळ्यात पवनीतला शहाणा माणूस सकाळी दहानंतर घराबाहेर पडत नाही. आमचं टोळकं शहाण्यांत मोडत नाही, म्हणून आम्ही नेमक्या एप्रिल-मेमध्येच सायकली बनवतो आणि फिरवतोही. त्याला कारण आहे. ज्याच्या शेडमध्ये आम्ही जमतो तो वेल्डिंगवाला दादा उन्हाळाभर कूलरचे स्टँड बनवतो. त्यातून पाइपांचे आणि अँगलचे तुकडे उरतात, आणि ते पाहिले की त्याचे हात शिवशिवतात. भंगारातून जुन्या फ्रेमी येतात, चाकं येतात, आणि पावसाळ्याच्या आत एखादी अशी सायकल उभी राहते की तिची जोड दुसऱ्या गावात सापडायची नाही. एक लांबलचक आहे, तिच्यावर गॅसचे दोन सिलिंडर आडवे बसतात. एक इतकी उंच आहे की चढायला भिंतीचा आधार लागतो. ती एका निवृत्त गुरुजींची. ते भाजी आणायलाही तीच नेतात आणि खाली न उतरता भाव करतात.

मी शिलाईकाम करते. सीटला कव्हर शिवून द्या म्हणून दादानं बोलावलं होतं, आणि मी गेले ती गेलेच. आता ग्राइंडरही चालवते. घरचे म्हणतात हिला वेड लागलंय, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

आमच्या टोळक्याचे नियम दोनच आहेत, पण कडक. नवी सायकल ज्याच्यासाठी बनवली त्याच्याआधी तिच्यावर कोणी बसायचं नाही, बनवणाऱ्यानंही नाही. आणि पहिल्या फेरीत नव्या सायकलीच्या पुढे कोणी जायचं नाही. ती जेवढी हळू जाईल तेवढं सगळ्यांनी हळू जायचं. गुरुजींच्या उंच सायकलीच्या पहिल्या फेरीत आम्ही मुंग्यांसारखे सरकत होतो, तरी नियम कोणी मोडला नाही.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणी तिला पोलिओ झाला आणि डावा पाय बारीक, आखूड राहिला. ती सरकारी कचेरीत आहे. टायपिंगमध्ये तिचा हात कोणी धरू शकत नाही, आणि विहारात कार्यक्रम असला की माइक तिच्याच हातात असतो. पण कुठं जायचं म्हटलं की माझ्या मागे बसून. शाळेत असताना माझ्या सायकलच्या कॅरिअरवर, पुढे माझ्या स्कूटीवर. रोज सकाळी मी तिच्या दारात जाऊन हॉर्न वाजवायचा, तिला कचेरीच्या फाटकाशी सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. ती शेजारच्याच गल्लीत राहते, त्यामुळे मला कधी त्रास वाटला नाही. तिला वाटत असेल असं मनातही आलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात एकदा ती माझ्यासोबत शेडमध्ये आली होती. स्टुलावर बसून आमचा तमाशा बघत होती. मध्येच अगदी सहज म्हणाली, "रिटायर व्हायच्या आत मले एकदा तरी एकटीनं कचेरीत जायचं आहे."

मला ते झोंबलं. इतकी वर्षं ने-आण केली त्याचं हे फळ, असं वाटलं. पण दादानं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला आणि बाईच्या पायाकडे, मग भिंतीशी ठेवलेल्या फ्रेमींकडे बघितलं. मग काय, ठरलंच. कोणीतरी तीनचाकीचं नाव काढलं. बाईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा सांगायला निघून गेला.

ब्लाउजचं माप घ्यावं तशी मी टेप घेऊन बाईचं माप घेतलं. बसल्यावर पाय किती खाली पोचतो, गुडघा किती वाकतो, सगळं. सीट इतकी खाली ठेवली की उजवा पाय पूर्ण जमिनीवर टेकावा. मुख्य प्रश्न होता डाव्या पायाचा. तो छोटं वर्तुळ फिरवू शकत होता, मोठं नाही. म्हणजे डावीकडची पॅडलची दांडी आखूड हवी. किती आखूड, यावर जे भांडण झालं ते विचारू नका. गुरुजी एक माप सांगत, दादा दुसरं, आणि माझी टेप तिसरं. शेवटी भंगारात पोरांची एक जुनी सायकल सापडली, तिची दांडी माझ्या टेपला तंतोतंत भरली. मी तिच्यावरचं चेनचं चाक ग्राइंडरनं कापून काढलं. तिचंच पॅडल तिला गच्च बसलं. डाव्या पायासाठी मी पॅडलवर कॅनव्हासची खोळ शिवली आणि तिला पट्टा लावला, पाय निसटू नये म्हणून. आम्ही स्वतःवर फार खूश होतो.

बाई सायकल शिकली विहाराच्या अंगणात. आधी पॅडल न लावता, नुसती उजव्या पायानं ढकलत. एका सकाळी तिचे दोन्ही पाय वर उचलले गेले आणि सायकल सरळ बोधिवृक्षाच्या पारापर्यंत गेली. बाई पारावर बसून हसत सुटली, आणि मी उगाच तिला नीट बस म्हणून रागावले. मग पॅडल लावून छोट्या फेऱ्या सुरू झाल्या. डावं पॅडल सैल व्हायचं. दादा म्हणाला, नवीन आहे, बसेल हळूहळू. तो पुन्हा आवळायचा.

पहिल्या मोठ्या फेरीला उजाडायच्या सुमारास निघालो, कालव्याच्या रस्त्यानं गोसीखुर्दच्या धरणाकडे. डोक्याला दुपट्टे, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदे, बाटल्यांत ताक. बाई सगळ्यांच्या पुढे. तिच्या मागे दादा, मी, आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून रस्ता बघणारे गुरुजी. कालव्यावर कपडे धुणाऱ्या बाया थांबून ही वरात बघत होत्या. बाईची पाठ ताठ होती. तिला इतकी वर्षं मी स्कूटीच्या आरशात बघितलं होतं, रस्त्यावर माझ्यापुढे पाठमोरी कधी बघितलंच नव्हतं. मला फार बरं वाटलं.

धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचं गाव मागे पडलं आणि बाई एकदम थांबली. उजवा पाय टेकला, डावा हवेत. पॅडल सायकलपासून सुटून तिच्या पायातच राहिलं होतं, पट्ट्यासकट. गुरुजी वरून म्हणाले, नवीन फॅशनची चप्पल दिसते.

दादानं पट्टा सोडून ते पॅडल हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. नसले तर चालवता चालवता पॅडल आपोआप उघडत जातं. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण पोरांच्या सायकलची ती दांडी उजवीकडची होती आणि आम्ही डावीकडे ठोकली. लांबीसाठी आम्ही असे भांडलो की आट्यांकडे बघायला कोणी रिकामंच नव्हतं. दुकानातून तयार सायकल आणणाऱ्याच्या हातून ही चूक होऊच शकत नाही. त्याला आमच्यासारखे कारागीरच लागतात.

ऊन चढायला लागलं होतं. मी म्हटलं, सायकल मागच्या गावात ठेवू, तू माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बस, पुढच्या रविवारी पुन्हा येऊ. दादानंही मान डोलावली. बाईनं एकदा माझ्या कॅरिअरकडे बघितलं.

"पन्नास वर्सं मागंच बसली मी," ती म्हणाली. "आता नाही बसत. पाना दे मले."

दादानं पाना दिला. तिनं स्वतः पॅडल आवळलं, पाना पुढच्या टोपलीत टाकला आणि निघाली. थोडं गेलं की थांबायची, आवळायची, निघायची. पुढे जायचा नियम नाही, म्हणून आम्हीही थांबायचो. दादा वरमून मागे मागे राहत होता, तर त्याला तिनं हाक मारून विचारलं, "काहून दादा, दमून राहिले का?" धरणाशी पोचलो तेव्हा उन्हानं डोळे मिटत होते, ताक संपलं होतं, आणि गुरुजींना उतरवायला भिंत नव्हती. बाई झाडाखाली बसून ग्रीसनं काळ्या पडलेल्या हातांनी माझ्या डब्यातली पोळी खात होती. न विचारता लोणचंही तिनंच संपवलं.

त्याच आठवड्यात दादानं तालुकाभर फिरून डावीकडची आखूड दांडी शोधून आणली आणि बसवली. बाईनं आठवडाभर सायकलचं नाव काढलं नाही. मी रोजच्यासारखी तिला सोडत होते, आणत होते. मला वाटलं, हौस फिटली.

मग एका सकाळी मी तिच्या दारात हॉर्न वाजवला तर दाराला कुलूप. स्कूटी दामटत कचेरीपाशी गेले. फाटकाच्या आत, कडुलिंबाखाली, सायकल उभी होती. मला आनंद झाला आणि संतापही आला, आणि खरं सांगायचं तर संताप जास्त होता. फोन करून सांगायला काय झालं होतं. मी स्कूटी वळवणार तेवढ्यात खिडकीतून बाईनं हात केला. आत ये म्हणत होती.

इतकी वर्षं मी रोज त्या फाटकाशी येत होते आणि तिथूनच मागे फिरत होते. बाईचं टेबल कुठं आहे, खिडकी कोणत्या बाजूला आहे, ते मी कधी पाहिलं नव्हतं. मी आत गेले. तिनं माझ्यासाठी खुर्ची ओढली, शिपायाला चहा सांगितला, आणि शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना म्हणाली,

"ही माही लहान बहीण. मले भेटाले आली."