सुधाकरचा घडीचा चाकू

सुधाकरच्या त्या चाकूबद्दल मी गावात भरपूर बोललो आहे. पारावर बोललो, चहाच्या टपरीवर बोललो, बायकोजवळ तर इतक्यांदा की ती उठून आत निघून जायची. पण त्यातली एक गोष्ट — ती कोणालाच सांगितली नाही. तिलाही नाही. तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं, तुम्ही सुधाकरला ओळखत नाही.

आम्ही दोघे संत्र्याची कलमं बांधणारे. वरुडकडच्या नर्सऱ्यांमध्ये थंडी पडली की हे काम निघतं. जंबेरी लिंबाच्या रोपाची साल चाकूने चिरायची, आत संत्र्याचा डोळा म्हणजे कोंब बसवायचा, आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. काम जोडीने चालतं. एक जण कापत पुढे जातो, दुसरा मागून बांधत येतो. कापणाऱ्याला मान, बांधणाऱ्याला कोणी विचारत नाही — म्हणून आम्ही पाळी ठरवली होती. एक दिवस तो कापणार, एक दिवस मी. कितीतरी हंगाम असेच गेले, कधी तंटा नाही.

मग अमरावतीत एका दुकानात मला तो चाकू दिसला. परदेशी, घडीचा. लाकडी मूठ, मागच्या टोकाला साल उचलायला पितळेची जीभ, आणि पातं — जाऊ द्या. किंमत ऐकून मी तो परत ठेवला. पण मनातून जाईना. घ्यावा की नको? लोहाराचा चाकू सारखा पाजवावा लागतो, हा जन्मभर टिकेल. पण एवढ्या पैशात घरातलं काय काय होईल? अशा वेळी माणूस कोणाला विचारतो? मी सुधाकरला घेऊन पुन्हा त्या दुकानात गेलो.

त्याने चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पातं उजेडात धरून पाहिलं. मग दुकानदारासमोरच मला म्हणाला, "कायले पैसे घालतं बे यात? लोहाराच्या चाकूनं आपलं काय अडून राहिलं? खिशातून पडला तं रडत बसशीन."

मला पटलं. खरं म्हणजे पटलं नव्हतं, पण सुधाकर म्हणाला ना, मग विषय संपला. परतीच्या बसमध्ये मी स्वतःला शहाणा समजत होतो.

हंगामाच्या पहिल्या सकाळी त्याने खिशातून तोच चाकू काढला.

तो हसला. "मन झालं गड्या, मंग घेतलाच." बस, एवढंच. जरा लाजला असता तरी मी विसरलो असतो. वर म्हणतो कसा, "नवा हाये, हात बसू दे. थोडे दिवस मीच कापतो." झालं, माझी पाळी गेली. मागावा म्हटलं तर कलमाचा चाकू आमच्यात कोणी कोणाला देत नाही. थोडे दिवस म्हणता म्हणता नर्सरीचे मालक त्याला 'मिस्त्री' म्हणू लागले. आणि मी? मी 'सुधाकरसोबत येते तो'.

तुम्हाला वाटेल, एका चाकूसाठी एवढं? चाकूसाठी नाही हो. मला नको म्हणून सांगत होता, तेव्हाच त्याने घ्यायचं ठरवलेलं होतं का? दिवसभर वाकून पट्ट्या गुंडाळताना मी हेच उगाळत बसायचो. मला दगा दिला त्याने. अजूनही तसंच वाटतं.

आता ते सांगतो.

पट्टी घट्ट लागते. सैल राहिली की आत पाणी शिरतं आणि डोळा काळा पडतो. एका दुपारी मी एक पट्टी सैल बांधली — रागात. वळून पाहिलं तर काहीच कळत नव्हतं, इतरांसारखीच ती. मग आणखी एक. सगळ्या नाही, एवढा मी मूर्ख नव्हतो — मधे मधे सोडून. सुधाकर पुढे होता, तो कशाला मागे बघेल? मागे मी होतो. आणि हे एका दुपारचं नव्हतं. तो अख्खा हंगाम मी असंच बांधलं.

आमच्या धंद्यात डोळा मेला की कापणाऱ्याचा हात बघतात. पट्टी तर सोडतानाच फाडून फेकून देतात, तिला कोण विचारतं? हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तर केलं.

पट्ट्या सोडल्या तेव्हा वाफेच्या वाफे काळे निघाले. मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हणालो, "त्याचा नवा चाकू लय खोल जाते भाऊ. मी सांगतलं होतं त्याले." कधीच सांगितलं नव्हतं.

सुधाकर भांडला नाही. वाफ्याच्या कडेला बसून स्वतःचा हात बघत राहिला. "चाकूत तं खोट नाई," म्हणाला, "माह्याच हाताचं यश गेलं." आमच्याकडे हे फार मानतात. कलम बांधणाऱ्याच्या हाताला यश असावं लागतं, आणि ते गेलं अशी बोलवा झाली की लोक लांबूनच रामराम करतात. पुढच्या हंगामात त्याला कोणी कापायला बोलावलं नाही. मला बोलावलं. मी पट्ट्या बांधायला त्यालाच सोबत घेतलं. लोक म्हणाले, दोस्ती असावी तर अशी! त्याने आपणहून चाकू माझ्या हातात ठेवला. "तूच वापर, तुलेच घ्यायचा होता पयले." मी घेतला. चांगला चाकू आहे. घेण्याच्या लायकीचा आहे.

तेव्हापासून तो माझ्यामागून पट्ट्या बांधत येतो. घट्ट बांधतो.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीने अकोल्याला घर बांधलं. वास्तूच्या दिवशी दारात पारिजातक लावायचा होता. खड्डा तयार होता, जावई म्हणाले, बाबांच्या हातानंच लागू दे. सुधाकरने रोप उचललं, दोन पावलं गेला आणि माझ्याकडे आला. "तू लाव गड्या. पोरीचं घर हाये. माह्या हातानं जळलं तं?" सगळे थांबले होते. मुलगी बापाकडे बघत होती. मी ते रोप घेतलं, खड्ड्यात उभं केलं, माती लोटली.

झाड छान लागलं आहे. ती अधूनमधून फोन करते तेव्हा सांगते, "काका, तुमच्या हाताले लय यश हाये."

मी हो म्हणतो.