वाटीवर आडवा हात

माझे सासरे खानावळीत कधी रस्सा मागायचे नाहीत. सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणते. वाटीतला रस्सा संपला की ते गप बसून वाट बघायचे. वाढप्यानं आपण होऊन बादली आणली तर ठीक. नाही आणली, तर उरलेली भाकरी तशीच ताटात ठेवायची, हात धुवायचे आणि बाहेर पडायचं. मग ते त्या खानावळीची पायरी जन्मात चढायचे नाहीत. पोट भरलं की वाटीवर हात आडवा धरायचा, एवढीच त्यांची खानावळीतली भाषा. "जेवणाऱ्याला तोंडानं मागाय लागलं, तर वाढणारा आंधळा म्हणायचा," असं ते आमच्या दारासमोरच्या तालमीच्या कट्ट्यावर बसून सांगायचे. एखाद्या नव्या खानावळीत मामा दुसऱ्यांदा गेल्याचं कळलं, की मग बाकीची पेठ तिथं जायची.

हे मी कौतुकानं सांगतेय, आणि का सांगू नये? कोल्हापूरकराला जेवणातलं कळतं. दुसऱ्या गावची माणसं पोट भरलं की खूश होतात. आमची माणसं पोट भरल्यावर तासभर बसून खोबरं जास्त भाजलं होतं की कमी, यावर भांडतात. मी मूळची गडहिंग्लजची. लग्न होऊन इथं आले तेव्हा संस्थान विलीन होऊन एखाद-दोन वर्षं झाली असतील. सुरुवातीला मला हा सगळा रिकामटेकडेपणा वाटायचा. पण वर्षभरात मीसुद्धा शेजारणीच्या पांढऱ्या रश्श्यात खसखस कमी पडली हे नुसत्या वासावरून सांगायला लागले.

घरात आम्ही चौघं. मामा, कचेरीत नोकरी करणारे माझे मालक, मी, आणि वन्सं, म्हणजे यांची धाकटी बहीण; मामांना त्या आबा म्हणायच्या. वन्संचं लग्न झालं आणि दोन पावसाळेही नीट गेले नाहीत, तोवर नवरा तापानं गेला. मोकळ्या कपाळानं त्या माहेरी परत आल्या. घरात त्यांना कुणी वाकडा शब्द बोलत नव्हतं, पण भावाच्या घरी जेवायला बसताना त्या नेहमी सगळ्यांच्या शेवटी बसायच्या आणि भाकरी अर्धीच घ्यायच्या. मला ते बघवायचं नाही. त्यांच्या हाताला मात्र अशी चव होती, की मटण शिजत असलं तर कट्ट्यावरच्या गप्पा आपोआप थांबायच्या.

एकदा चटणी कुटता कुटता त्या म्हणाल्या, "वैनी, मी खानावळ काढणार."

"काढा की," मी म्हटलं. "मला तरी एका चुलीपुढं दोघींची गर्दी कशाला?"

मी थट्टेनं बोलले, पण त्यांनी मुसळ खाली ठेवलं नव्हतं आणि नजरही वर केली नव्हती. त्या खरंच बोलत होत्या. त्याच दिवशी मामा कट्ट्यावर मित्रांत बसले असताना त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि सगळ्यांदेखत विचारून मोकळ्या झाल्या. मामांचा पारा चढला.

"हॉटेलात कदी पाय तरी ठेवलायस काय?" ते ओरडले. "आदी चार जागी बसून जेवून ये. कोण कुठं चुकतंय त्ये मला सांग. मग खानावळीचं बोल!"

त्यांना वाटलं, विषय मिटला. घरंदाज बाई हॉटेलात जायची नाही, आणि त्यातून आमची तर नाहीच नाही. पण एक गोष्ट ते रागात विसरले. आमच्या पेठेत घरात दिलेला शब्द एखाद वेळेस इकडचा तिकडं होतो, कट्ट्यावर दिलेला होत नाही. पैलवान मंडळी साक्षीला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं धुतलेलं लुगडं नेसून तयार झाल्या आणि मला म्हणाल्या, "चला वैनी, आबांनी जेवाय सांगितलंय." मामांनी खाकरल्यासारखं केलं आणि म्हशीला वैरण टाकायला गोठ्यात गेले. म्हैस त्या वेळी पाण्यावर गेलेली होती.

पहिल्यांदा आम्ही उडप्याच्या हॉटेलात गेलो. पायरी चढताना मी वन्संना पुढं केलं, हे आता सांगायला हरकत नाही. बाहेरच्या बाकांवरचे पुरुष चहाची बशी तोंडाशी धरून आमच्याकडं बघत राहिले. बायकांसाठी मागं फळ्या ठोकून केलेली खोली होती, तिला फॅमिली रूम म्हणायचे आणि दाराला पडदा होता. आम्ही आत बसून इडली सांबार मागवलं.

वन्संनी इडलीकडं बघितलंसुद्धा नाही. सांबाराची वाटी उचलून तोंडाला लावली, खाली ठेवली आणि वाट बघत बसल्या. कुणी आलं नाही. शेवटी पडदा सारून त्यांनी पोऱ्याला हाक मारली. दुसरी वाटी आली, तीही त्यांनी प्यायली. पुन्हा हाक मारली. एवढं सांबार जातंय तरी कुठं, ते बघायला हॉटेलाचे मालकच आत आले. उंच, कपाळाला गंध लावलेले, पांढऱ्या लुंगीतले गृहस्थ.

"बाई, सांबार इडलीबरोबर खायचं," ते मोडक्या मराठीत म्हणाले. "असं प्यायचं नाही."

"मग येवढं पातळ कशापायी केलंयसा?" वन्सं म्हणाल्या. "आमच्यात पातळ म्हंजी प्यायाचंच की!"

त्यांचा चेहरा पडला. आपल्या सांबाराला नावं ठेवली असं त्यांना वाटलं. मग मी गडहिंग्लजच्या बाजारात शिकलेलं माझं कानडी बाहेर काढलं. म्हटलं, अहो, इथं ज्याचा रस्सा पुन्हा पुन्हा मागतात तोच चांगला. आमच्या वन्संनी तुमचा मान केला. कानडी ऐकताच त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, कसं काय आहे?

"चव चांगली हाय," वन्सं म्हणाल्या. "चिच्च वाईच जास्ती हाय, पर चांगली हाय. खरं तुमचं पोरगं हाक मारल्याबिगर येत न्हाय बगा."

"पडद्यामागचं त्याला दिसणार कसं?" मालक म्हणाले.

वन्संनी तो पडदा एकदा नीट बघून घेतला. परत येताना त्यांनी दोनदा मागं वळून त्या हॉटेलाकडं बघितलं.

मटणाच्या खानावळीत बायकांना जागाच नव्हती. यांना पुढं घातलं, तेव्हा खानावळवाल्याच्या बायकोनं आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराशी पाट मांडून दिले. तिथनं अख्खी पंगत दिसत होती. तांबडा रस्सा फक्कड होता, नाव ठेवायला जागा नव्हती. पण वाढप्याचं सगळं लक्ष गल्ल्यावर बसलेल्या मालकाकडं. मालक बघतोय म्हटलं की पळायचा, मालकानं मान फिरवली की टेकायचा. कोपऱ्यातला एक म्हातारा रिकामी वाटी बोटानं फिरवत बसला होता. वन्संचा हात दोनदा जागच्या जागी उचलला गेला. दुसऱ्याच्या खानावळीत उठून वाढता येत नाही म्हणून, नाहीतर त्या गेल्याच असत्या.

आणि मग ती सिंधी बाई. फाळणीनंतर वळिवड्याच्या छावणीत सिंधी मंडळी येऊन राहिली होती. त्यांतली एक जण बाजारात ताडपत्रीखाली दाल-पकवान विकायची. पकवान म्हणजे तळलेली कडक पुरी, पापडासारखी मोडायची आणि हरभऱ्याच्या डाळीबरोबर खायची. नवरा मागं बसून कांदा चिरत होता आणि ही डोक्यावरनं ओढणी घेऊन सगळ्यांना वाढत होती. माझी डाळ संपायच्या आत तिचं ओगराळं माझ्या पानावर आलं. वन्संच्या पकवानाचा एक तुकडा मऊ लागला, तर तो काढून घेऊन तिनं दुसरा दिला, न सांगता. डाळीत मीठ जरा कमी होतं, पण ते बोलायची आमची छाती झाली नाही.

वन्संनी तिला विचारलं, परक्या पुरुषांना वाढताना लाज वाटत नाही का?

ती हसली. "किससे शरमाऊँ, बहन? देखनेवाले तो सब वहीं रह गये."

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर वन्सं म्हणाल्या, "तिचं बरं हाय वैनी. माझं बघणारं समदं हितंच हाईत."

त्या संध्याकाळी त्यांनी मामांपुढं उभं राहून सगळं सांगितलं. चिंच कुठं जास्त, मीठ कुठं कमी, वाढप्याचं लक्ष कुठं. मामा ऐकत होते. मिशीखाली त्यांना हसू येत होतं आणि ते लपवत होते, कारण पोरीनं बापाचीच जीभ घेतली होती. शेवटी म्हणाले, "काढ खानावळ. पर तू आत ऱ्हायाचं. वाढाय गडी ठिवायचा. माझी पोरगी परक्याफुडं बादली घिऊन फिरायची न्हाय."

"आबा, वाढणं म्हंजीच तर खानावळ," वन्सं म्हणाल्या. "निस्तं शिजवाय कुणालाबी येतंय."

"शब्द दे, न्हायतर ऱ्हाऊ दे."

वन्संनी शब्द दिला. मला इतका राग आला की मी रात्रीची भांडी जरा जास्तच आपटली.

घराचा पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, सारवून घेतला. स्वयंपाकघराच्या दाराला माझ्या जुन्या लुगड्याचा पडदा बांधला. वाढायला तालमीतला एक धट्टाकट्टा गडी आणला, मनानं चांगला, पण नजर सगळी वस्तादांच्या पानावर. पहिल्या दिवशी मामा, तालमीचे वस्ताद आणि बाकीचे मित्र पंगतीला बसले. कोर्टाच्या कामाला शिरोळहून आलेले दोन-तीन पाहुणेही वास घेत घेत येऊन कोपऱ्यात बसले. मामा आज उठून गेले तर पेठेतलं काळं कुत्रं इकडं फिरकणार नाही, हे आम्हा दोघींना चांगलं माहीत होतं.

पहिला घास गेला आणि सोपा गप्प झाला. आमच्याकडं ही दाद असते. कुणी वाहवा म्हणत नाही, मान खाली घालून जेवतात. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. वन्सं माझ्या मागं बादली धरून. गडी मित्रमंडळींच्या वाट्या तुडुंब भरत होता आणि कोपऱ्यातले पाहुणे कोरडी भाकरी मोडत होते.

"जावा की," मी कुजबुजले.

"आबांना शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. बादलीची कडी मात्र सोडली नाही.

तेवढ्यात शिरोळचा एक पाहुणा घसा खाकरून म्हणाला, "पावणं, वाईच रस्सा मिळंल काय?"

आमच्या घरात, मामांच्या देखत, जेवणाऱ्यानं तोंडानं मागितलं होतं. मामांचा घास हातातच राहिला. गडी धावला, पाहुण्याला वाढून गडबडीनं मामांकडं आला. मामांची वाटी रिकामी होती. त्याला बघताच त्यांनी वाटीवर हात आडवा धरला. ताटात अर्धी भाकरी शिल्लक होती.

संपलं, मला वाटलं. आता उठतील, हात धुतील आणि जातील. वन्संनी बादली खाली ठेवली.

मामा उठले नाहीत. हात तसाच वाटीवर ठेवून त्यांनी पडद्याकडं बघितलं, आणि कट्ट्यावर मारायचे तशी खणखणीत हाक मारली, "पोरी, रस्सा वाढ मला!"

सगळ्या पेठेला माहीत असलेला माणूस तोंडानं रस्सा मागत होता. एका मित्रानं हळूच म्हटलं, "अवो, गडी हुबा हाय की हितं."

"त्येला दिसत न्हाय," मामा म्हणाले. "माझ्या लेकीला दिसतंय. लेकीला येऊ दे."

मी पडदा बाजूला केला. वन्संनी पदर डोक्यावर घेतला, बादली उचलली आणि सोप्यात गेल्या. मामांनी हात काढला. वाटी भरेपर्यंत बापलेक एकमेकांकडं बघत नव्हते, दोघंही रश्श्याकडंच बघत होते. मग वन्सं वळल्या आणि सरळ कोपऱ्यात गेल्या, शिरोळच्या पाहुण्यांकडं. तिथून एकेक पान करत पंगतभर फिरल्या. मला इतका अभिमान वाटला की डोळ्याला पदर लावून मी कांद्याच्या नावानं बोटं मोडली.

पडदा मी त्याच दुपारी ओढून काढला. त्याची ताटं पुसायची फडकी केली आणि ती पुष्कळ वर्षं पुरली. खानावळ त्याहून जास्त वर्षं चालली. इचलकरंजीचे व्यापारी आले, गडहिंग्लजची माझी माहेरची माणसं आली, उडपी मालक तर मटण चालत नाही म्हणून नुसती भाकरी आणि पिठलं खायला यायचे. कितीजण आले आणि जेवून गेले. पण आमच्या खानावळीत तोंडानं रस्सा मागणारं शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे मामा.