एका कार्यालयातले दोन तायक्वांदो

आमच्या पारनेरच्या मंगल कार्यालयात लग्न नसलं की संध्याकाळी तायक्वांदोचे दोन क्लास भरतात. एक स्टेजकडे, एक दाराकडे. दोघांच्याही भिंतीला कोरियाचा झेंडा, पण संघटना वेगळ्या, आणि दोन्ही सर एकमेकांशी बोलत नाहीत. मॅट तेवढ्या सामाईक. मला भारी चौकशा! फरक काय, म्हणून दोघांनाही विचारलं. स्टेजकडचे म्हणाले, "आमचं मूळचं हाय, ताई." दाराकडचे म्हणाले, "आमचं ऑलिंपिकमध्ये आहे, ताई." घ्या! मग मीच पायरीवर बसून रोज बघत राहिले आणि एवढं कळलं, की स्टेजकडे तोंडावर ठोसा मारला तर गुण मिळतो, आणि दाराकडे तोच मारला तर समोरच्याला गुण जातो.

माझी मुलगी लहानपणापासून स्टेजकडची, काळ्याच्या अलीकडच्या लाल पट्ट्यापर्यंत पोचलेली. पण आमच्याकडे शाळेच्या स्पर्धेत दाराकडचाच खेळ धरतात, आणि तिला जिल्ह्याला जिंकायचंच होतं. बाजू बदलली, तर नव्या सरांनी हातात नवशिक्यांचा पांढरा पट्टा ठेवला. पोरगी रडली. माझं डोकंच सटकलं. पट्टा म्हणजे काय रेशनकार्ड आहे, गाव बदललं की नवं काढायचं? पण तिनं डोळे पुसले आणि गुपचूप बांधला.

तालुक्याच्या स्पर्धेतून ती कशीबशी पुढे निघाली. रंगात आली की मूठ सरळ समोरच्या मुलीच्या तोंडावर! नवे सर वैतागले. "हात आवर, नाहीतर जिल्ह्याला नगरहून पहिल्याच फेरीत परत येशील." ती आवरायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एका संध्याकाळी जुने सर मॅट ओलांडून इकडे आले. मला वाटलं, झालं, आता जुंपणार. ते नव्या सरांना म्हणाले, "ही सवय मी लावलेली हाय. मीच काढू का?"

नवे सर म्हणाले, "काढा की."

त्यांनी तिचा जुना लाल पट्टा मागवला, त्याच पट्ट्यानं तिचे हात कमरेशी बांधले आणि नुसत्या लाथांवर खेळवलं. नगरला जाईपर्यंत रोज, स्वतःचा क्लास मोठ्या मुलांवर सोपवून.

नगरला पोरगी जिंकली. मी तर ओरडून घसा बसवून घेतला. परतल्यावर पेढे घेऊन आम्ही थेट स्टेजकडे गेलो. जुन्या सरांनी पदक नीट पाहिलंसुद्धा नाही. हाताला पॅड चढवून तो त्यांनी आपल्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "मार इथं ठोसा. पहिल्यासारखा."

तिची मूठ उठली आणि छातीपाशीच थांबली. तिनं पुन्हा मारून पाहिलं. पुन्हा तिथंच.

"गेली सवय," सर म्हणाले. "बरं झालं, पोरी."

पेढा न घेताच ते क्लासकडे वळले. पॅड मात्र बराच वेळ तोंडासमोरच धरलेला होता.