इटालियन बुवांचा उत्तररंग

रविवारी सकाळी काकांकडे निघण्याच्या तयारीत होतो, तेवढ्यात त्यांच्या भाचीचा फोन आला. "मामा गेले," एवढंच म्हणाली... दिवसकार्य आटोपल्यावर तिचा पुन्हा फोन. "ती रेकॉर्ड तुम्हीच न्या. आमच्याकडं ते ऐकणारं कोणी नाही." खरं तर अख्ख्या हैदराबादेत ते ऐकणारे आम्ही दोघंच होतो.

पुण्याहून नोकरीसाठी आलो तेव्हा विद्यानगरात काकांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. एकदा खालून भांडी कोसळल्यासारखा आवाज आला म्हणून धावत उतरलो, तर काका आरामखुर्चीत डोळे मिटून. "पडलंबिडलं काही नाही हो. बसा. संगीत आहे." इटलीतल्या कुणा प्रयोगशील संगीतकाराची ती रेकॉर्ड, एका बाजूला तरुणपणच्या रचना, दुसऱ्या बाजूला उतारवयातल्या. त्याचं नाव आम्हा दोघांच्याही जिभेवर कधी बसलं नाही. काकांचे वडील कीर्तनकार, त्यामुळे काकांनी त्याला सरळ बुवा करून टाकलं. पहिली बाजू पूर्वरंग, दुसरी उत्तररंग. आणि मध्ये, कीर्तनात लावतात तसा, माझ्या कपाळाला बुक्का. तसाच मी हिमायतनगरात भाजीला गेलो की लोक विचारायचे, कुठल्या देवळातून आलात? काय सांगणार, कपाळ!

पुढं अंबरपेठेत राहायला गेलो तरी रविवार चुकवला नाही. मला पूर्वरंग आवडायचा, तडतडा, भांडखोर. उत्तररंगात बुवा जवळजवळ गप्पच. एक सूर, मग इतकी शांतता की शेजारच्या कुकरची शिट्टीही बुवांचीच वाटावी. मी कुरकुरायचो. "जल्दी नक्को करू," काका म्हणायचे. "म्हातारपणी माणूस कमी बोलतो, पण समोर कुणीतरी लागतं." सगळ्यांत लांब शांततेत ते डोळे न उघडता विचारायचे, "आहेस ना रे?" मी म्हणायचो, "हौ, आहे." हा हैदराबादी 'हौ' त्यांच्याकडूनच उचललेला. तेवढ्यावर त्यांचं भागायचं. घरात हाक मारायला त्यांना दुसरं कोणी नव्हतं... आणि या शहरात मलाही.

काल रेकॉर्ड लावली. पूर्वरंग संपला. भाचीनं बुक्क्याची डबीही दिली होती, पण बुक्का आपला आपण कसा लावायचा? डबी तशीच ठेवली आणि रेकॉर्ड उलटली. ती शांतता आली... लांबत गेली. फार एकटं वाटलं. कुणी काही विचारलं नाही. तरी मी म्हणालो, "हौ, आहे."