पाय टेकला की नापास

आरटीओच्या मैदानावर पांढऱ्या पट्ट्यांनी इंग्रजी आठचा आकडा आखलेला असतो. त्यातून स्कूटर फिरवून आणायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. लावला की नापास. मी दोनदा लावला. पंचायत समितीत अठ्ठावीस वर्षं कारकुनी करणारी, लोकांच्या अर्जातली एक खाडाखोडही न सोडणारी बाई मी. शिकाऊ लायसन्सची कॉम्प्युटरवरची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले होते. पण त्या आठने माझी पार लाज काढली. दुसऱ्या वेळी मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरी हसल्या आणि मी लायसन्सचा नाद सोडला.

गाडी मात्र हवीच होती. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दुसरा डोळा काचबिंदूने आधीच गेलेला, त्यामुळे सगळा भरवसा या एकाच डोळ्यावर. ती गगनबावडा रोडवर, शहरापासून आठ किलोमीटरवरच्या गावात एकटी राहते. म्हशीपायी माझ्याकडे यायला तयार नाही. शेण-धूळ डोळ्यात जायला नको म्हणून म्हैस आणि रेडकू शेजारच्या काकूंच्या गोठ्यात ठेवले, तरी हिचा मुक्काम गावातच. दीड महिना थेंब चुकवायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळ-दुपारचे थेंब काकू घालायच्या. संध्याकाळी त्यांची धारेची वेळ, म्हणून ते माझ्याकडे. ऑफिस सुटेपर्यंत सोयीची एसटी गेलेली असायची.

बॅटरीवरच्या गाड्यांच्या दुकानात गेले तेव्हा दुकानदाराने सांगितलं, या गाडीला लायसन लागत नाही, पासिंग नाही, नंबर प्लेट नाही. कारण हिची मोटर बारकी आणि ही पंचवीसच्या वर पळतच नाही. मला ते पटेना. हँडल तेच, ब्रेक तेच, हिच्यावरून पडले तर माझं हाड मोडणार, कुणाच्या अंगावर घातली तर त्याचं मोडणार. मग ही गाडी नाही का?

"गाडीच हाय की मॅडम," तो म्हणाला. "पर कायद्यानं सायकल."

घरी येऊन मी नियम वाचायला बसले आणि होतं तेवढंही समजेनासं झालं. सोळा वर्षं पूर्ण झाली की पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं. आमच्या समोरच्या घरातली मुलगी सोळाची आहे. तिच्या आईबरोबर मी चार दुकानांत चौकशी केली, तर पन्नास सीसीची नवी गाडी कुणाकडेच नाही. म्हणजे तिला लायसन्स आहे पण गाडी नाही, आणि माझ्याकडे गाडी आहे पण लायसन्स नाही, आणि दोघीही कायद्याने बरोबर. मी डोकं बाजूला ठेवलं. दुकानदाराने दिलेला गाडीच्या माहितीचा कागद लॅमिनेट करून डिकीत ठेवला आणि निघाले.

पंचवीसच्या वेगाने आठ किलोमीटर जाणं म्हणजे काय, ते गळीत हंगामात त्या रस्त्याला गेल्याशिवाय कळायचं नाही. उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर मला मागे टाकून जायचे. एकदा नवरा माझ्यामागून त्याच्या स्कूटरवर आला आणि त्याने ते पाहिलं. घरी आल्यावर त्याचा चेहरा पडलेला होता. उसाचा ट्रॅक्टर आपल्या बायकोला ओव्हरटेक करतो, हे काही त्याला सोसलं नाही.

"गल्लीत तोंड दाखवायचं का न्हाई आम्ही?" एवढंच तो म्हणाला. मी हसले आणि विसरले.

दोन दिवसांनी गाडी एकदम पळायला लागली. मला वाटलं, माझा हात बसला. बॅटरी नवी असते, हळूहळू मोकळी होते, असंही नवऱ्याने समजावलं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. आता ट्रॅक्टर मागे पडायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात नाक्यावर वाहतूक पोलीस बाईंनी हात केला. माझ्या निम्म्या वयाची पोरगी. लायसन्स मागितलं. मी ऑफिसात लावते तो आवाज लावून लागत नाही म्हणून सांगितलं आणि लॅमिनेट केलेला कागद पुढे केला. तिने तो नीट वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"मावशी, ही पंचवीसच्या वर पळत न्हाई म्हंता. मग आत्ता माझ्यासमोरनं भरल्या रिक्षाला मागं टाकलं, ते कशानं?"

मला खरंच माहीत नव्हतं. तिने एका मेकॅनिकला बोलावलं, त्याने सीटखालचं झाकण उघडलं आणि एक कापलेली वायर बोटात धरून दाखवली. वेग अडवणारी ती वायर सगळेच कापून घेतात, गाडी आणल्यादिवशीच, असं तो म्हणाला. वायर जोडलेली असती तर मी सायकलवाली. कापल्यामुळे लायसन्स नसलेली, पासिंग नसलेली गाडी पळवणारी. मी तीच, गाडी तीच. मध्ये वीतभर वायर. ज्या लोकांना मी आयुष्यभर एका सहीसाठी परत पाठवलं, त्यांची मला तिथे आठवण झाली.

गाडी तिथेच ठेवून घेतली. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मित्राकडनं कापून घेतली. तुला बरं वाटंल म्हनून." मी रागाने फोन ठेवून दिला. तो दंड भरायला येईपर्यंत मी थांबले नाही, वडापच्या जीपची वाट बघत बसले. सगळ्या सीट भरेपर्यंत ती काही हलत नाही. गावात पोचले तेव्हा अंधार पडला होता.

आई ओट्यावर बसली होती. हातात थेंबांची बाटली, गाल आणि पदर ओला.

"तू येईनास म्हनून म्याच घालाय गेले," ती म्हणाली. "डोळ्यात एक बी गेला न्हाई बघ."

मला रडू आलं. ट्रॅक्टरला मागे टाकायच्या हौसेपायी तिचा उरलेला डोळा जातो की काय, असं वाटलं. त्या रात्री मी तिथेच राहिले. सकाळी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून डोळा ठीक आहे म्हणून सांगितलं, तरी माझी भीती आठवडाभर गेली नाही.

वायर जोडून घेतली, गाडी सुटली, मी पुन्हा सायकलवाली झाले. ट्रॅक्टर पुन्हा पुढे जाऊ लागले. पण आता नवऱ्याची स्कूटर घेऊन आठ शिकायचं ठरवलं. कारण माझ्या गाडीवर ती परीक्षा देता येत नाही. कायद्याने ती गाडीच नाही ना. हेही मला अजून समजलेलं नाही.

रविवारी दोघं गावी गेलो. आईच्या अंगणात म्हशीचा आणि रेडकाचा, असे दोन खुंट रिकामेच होते. त्या दोन खुंटांभोवती मी आठ काढायला लागले. नवरा बाजूला उभा राहून, अजून शरमलेला, मोठमोठ्याने सूचना देत होता. आई काळा चष्मा लावून ओट्यावर बसली होती. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. नवरा टाळ्या वाजवून पास, पास म्हणू लागला.

"पास कुठली," आई ओट्यावरून म्हणाली. "म्हशीच्या खुंटापाशी डावा पाय टेकतीया ती. दोन्ही बारीला टेकला."

मी गाडी थांबवली. ओट्यापासून तो खुंट चांगला वीस पावलांवर आहे. पाय टेकला होता, हे खरं होतं.