डाव्या कडेचे हात

आमच्या ताईला माणसाचा चेहरा नंतर दिसतो, आधी त्याची शिवण दिसते. ताप बघायला आलेल्या डॉक्टरलाही तिने पडल्या पडल्या सांगितलं होतं, "तुमची डावी बाही अर्धं बोट लांब आहे. काढून द्या, नीट करते." आई गेली तेव्हा मी शाळेत होतो आणि धाकटा नुकता पाऊल टाकायला लागला होता. ताईने शिलाई मशीन ओढून खिडकीपाशी घेतलं आणि त्यावर आम्हा दोघांना वाढवलं. धाकटा मशीनच्या पायाशीच झोपायचा. पायडल चालू असलं की गाढ झोप, थांबलं की भोकाड. म्हणून ती जेवायचं ताटही मशीनवरच घ्यायची आणि जेवता जेवता एका पायाने रिकामं पायडल हलवत राहायची.

तिच्या स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "आधी धाकटा मार्गाला लागू दे." धाकटा मार्गाला लागला, आणि असा लागला की मागे वळून बघायला त्याला सवड मिळेना. मोठ्या शहरात मोठी नोकरी, मग मोठ्या घरची मुलगी. ताई म्हणायची, "त्याच्या डोक्यावर कामाचा डोंगर आहे रे." मी म्हणायचो, "फोन करायला डोंगर उतरावा लागत नाही." मग ती दिवसभर माझ्याशी बोलायची नाही.

माझं दुकान तिच्या घराच्या खालीच आहे. लोकांच्या लग्नांचं, वाढदिवसांचं चित्रण घ्यायचं आणि त्याची डीव्हीडी करून द्यायची, हा माझा धंदा. तो शेवटच्या घटका मोजतोय हे मला कुणी सांगायला नको. पण ज्यांच्या घरी अजून जुने डब्यासारखे टीव्ही आहेत ती माणसं येतात, आणि नेहमी एकच रडगाणं आणतात: कॉम्प्युटरवर सगळे दिसतात, टीव्हीवर कडेची माणसं कापली जातात. यात गूढ काही नाही. जुना टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या थोड्या आपल्या चौकटीखाली दडपतो. मग मी चित्र जरासं लहान करतो आणि सभोवती काळी पट्टी सोडतो. टीव्हीने पट्टी खावी आणि माणसं सोडावीत, एवढाच हिशेब. ताईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे शिवणीत जाणारं कापड आधीच जास्त धरायचं. आणि याचे लोक पैसे देतात तुला?"

धाकट्याच्या लग्नाला मी नव्हतो, माझा पाय प्लास्टरमध्ये होता. ताई एकटी गेली, त्याचा कोट हातावर घेऊन. तो कोट तिने डोळे फोडून शिवला होता. दोन्ही बाजूंच्या शिवणींत आत दोन-दोन बोटं कापड सोडलं होतं, लग्नानंतर पोट सुटतंच म्हणून. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं? म्हणाली, "छान झालं. कोट अगदी अंगासरशी बसला." पुढे काही नाही. मला वाटलं, दमली असेल.

धाकट्याने लग्नाच्या चित्रणाची फाइल पाठवायला वर्ष लावलं. मी लगेच डीव्हीडी करून वर नेली. ताई चष्मा पुसून, खुर्ची पुढे ओढून बसली. चित्रपट संपला आणि त्यात ताई कुठेच नव्हती. एकदा निळी बाही दिसली, एकदा पाठीचा तुकडा. आणि एकदा धाकटा सासरच्या माणसांत उभा असताना डाव्या कडेतून दोन हात आले, त्यांनी त्याची कॉलर सारखी केली आणि ते परत गेले.

"हे माझे हात," ताई म्हणाली. "बाकीची मी कुठाय?"

"तुझ्या टीव्हीने गिळली," मी म्हणालो. "उद्या ओकायला लावतो."

"बघ बाबा. रविवारी वर्गातल्या बायका येणारेत बघायला. त्यांना काय नुसते हात दाखवू?" ताई शेजारच्या बायकांना शिवण शिकवते, त्यांनाच ती वर्ग म्हणते.

मी चित्र लहान केलं, पट्टी सोडली, पुन्हा लावून पाहिलं. चारही बाजूंची काळी कड दिसायला लागली तरी ताई हातांच्या पुढे येईना. मग धाकट्याने पाठवलेली फाइल नीट बघितली. तिच्यातच ते हात मनगटापासून सुरू होत होते. म्हणजे टीव्ही बिचारा निर्दोष होता. मी मनातल्या मनात कॅमेरावाल्याचा उद्धार केला. कॅमेरा धरता येत नाही आणि लग्नं घेतात लेकाचे. नंबर शोधला, गाडी पकडली आणि भांडायच्या तयारीनेच त्याच्या दारात उभा राहिलो.

तो भांडला नाही. त्याने मूळ चित्रण काढून समोर लावलं. त्यात ताई होती. जवळजवळ सगळीकडे होती, निळ्या कपड्यात, डाव्या बाजूला, अख्खी.

"मी माणसं कापत नाही साहेब," तो म्हणाला. "नवरदेव स्वतः आले होते. माझ्या शेजारी बसून एकेक जागा सांगत होते, इथे थोडं उजवीकडे घ्या, इथे जवळ घ्या. मी म्हटलं, इतकं मोठं केलं तर चित्र फाटेल. ते म्हणाले, फाटू दे, ती शिवणारी बाई सारखी मधे येतेय."

मग त्याने कॉलरची जागा आवाजासकट ऐकवली. धाकट्याची सासू विचारते, "या कोण?" आणि धाकटा हसून सांगतो, "शिवणारी आहे. कोट हिनेच शिवलाय." आई नसलेल्या घरात या दोघी खरं तर विहिणी. सासूने मान हलवली आणि पुढे गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तिथूनच धाकट्याला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, तुला कळणार नाही. इकडची माणसं वेगळी आहेत. मोठी बहीण परदेशात असते असं मी सांगून बसलो होतो. ताई येईल असं वाटलंच नव्हतं मला. आणि हे बघ, तिला सांगू नकोस. उगाच मनाला लावून घेईल."

"तुला तिच्या मनाची फार काळजी," मी म्हणालो आणि फोन ठेवला. पण परत येताना मीही तेच ठरवलं, की सांगायचं नाही. ज्याला पायाशी झोपवलं त्याने असं केलं हे ऐकून ती उभी राहिली नसती, असं मला वाटलं. मूळ चित्रणावरून मी नवी डीव्हीडी केली, सभोवती भरपूर काळी पट्टी सोडली, आणि कॉलरच्या जागेचा आवाज पुसून त्यावर संगीत घातलं.

शनिवारी दुपारी वर गेलो तर ताईच्या मांडीवर तोच कोट होता. धाकट्याने कुरियरने पाठवला होता, पोटावर आवळतो म्हणून. ताई एका बाजूची शिवण उसवता उसवता चित्रपट बघू लागली. स्वतःला बघून एकदा म्हणाली, "किती वाळले होते गं बाई मी." मला बरं वाटलं. मग कॉलरची जागा आली आणि तिचा हात थांबला.

"इथलं बोलणं का काढलंस?"

मी म्हणालो, "इथे बोलणं नव्हतंच, गाणं होतं."

"गाणं नव्हतं. इथे तो बोलला. मी तिथेच होते ना रे, माझे हात त्याच्या गळ्याशी होते." ती पडद्याकडेच बघत होती. "तेव्हाच पोटात घातलं होतं मी ते. म्हटलं, सासू समोर उभी, घाबरला असेल पोर, तोंडातून गेलं असेल. पण त्या पहिल्या डीव्हीडीत मला कापलं होतं, ते टीव्हीने नाही. कोणी?"

मला खोटं सुचेना. मी सांगितलं, त्याने स्वतः बसून कापून घेतलं.

"बसून?"

"बसून. एकेक जागा दाखवून."

टीव्हीवर ताई पाहुण्यांच्या मागे उभी राहून कुणाला तरी हसत होती.

"शिवणारी म्हणाला, तर शिवणारी," ती म्हणाली. "पण शिवणारीसुद्धा मावली असती की रे तेवढ्या चित्रात."

तिने टीव्ही बंद केला. रविवारच्या बायकांना मला निरोप द्यायला सांगितला, टीव्ही बिघडलाय म्हणून. मग कोट उचलून मशीनवर घेतला आणि उसवलेली शिवण होती त्याच रेषेवर पुन्हा घातली. दुहेरी टीप मारली. आत सोडलेलं दोन बोटं कापड मला स्वच्छ दिसत होतं. दोरा तोडून, घडी करून तिने कोट माझ्या हातात दिला.

"पाठवून दे त्याला. आत कापड शिल्लक नव्हतं म्हणावं."